तेहतीस बसत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, स्टाफरूममध्ये जिच्याशेजारी बसून इतकी वर्षं डबा खाल्ला त्या मैत्रिणीलाही नाही. लपवायला फार कष्ट पडले असंही नाही — कुणी विचारलंच नाही. आणि कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? नसतं. तेवढं स्वतःला ओळखते.

मी गणिताची शिक्षिका. हे आधीच सांगून टाकते, कारण जे केलं ते गणिताच्या नावावर केलं.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी वडूजला खोली घेऊन राहत होते आणि तिथून आत एका गावातल्या हायस्कूलला रोज स्कूटरवरून जात होते. कोरडवाहू गाव. घेवडा, बटाटा, कांदा, ज्वारी. आणि घरटी एक माणूस फौजेत. पोरं शिस्तीची. शिक्षकांना मान देणारी — जरा जास्तच देणारी, असं आता वाटतं.

आठवीत एक मुलगी होती. तिला मी इथं शीतल म्हणते. नाव बदललंय, बाकी काही बदललेलं नाही. वडील फौजेत, पार लांब कुठं तरी पोस्टिंगला. आई शेत बघायची. शीतल वर्गात सगळ्यांत बुटकी. आणि तिला कोड होतं — ओठांच्या कडेला, डाव्या डोळ्याखाली आणि दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे डाग.

पण मला आधी तिचं गणित आठवतं. त्या वर्षी मी ती उदाहरणं शिकवत होते — तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज पंचेचाळीस, तर ते पूर्णांक कोणते? पुस्तकात एक्स मानायचा, मग एक्स अधिक एक, एक्स अधिक दोन, असं समीकरण. सगळी मुलं एक्स मानून घाम गाळत होती. शीतलनं हात वर केला. "मॅडम, मधला आधी गावतोय की. पंचेचाळीसला तिनानं भागायचं — पंधरा. मग एक अलीकडं, एक पलीकडं. चौदा, पंधरा, सोळा." मी तिला फळ्यावर बोलावलं, सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. मला अभिमान वाटला होता. खरंच वाटला होता.

हे का सांगते? म्हणजे तुम्हाला असं वाटू नये की ती मला आवडत नव्हती. आवडत होती. तीच तर अडचण आहे — नावडत असती तर सांगणं सोपं गेलं असतं.

प्रजासत्ताक दिनाला मुलींची लेझीम ठरली होती. त्या वर्षी कुणी मोठे पाहुणे येणार, कराडहून ड्रोनवाला बोलावलेला, वरून शूटिंग होणार. हेडमास्तर म्हणाले, वरून बघताना काही तरी दिसलं पाहिजे, नुसत्या सरळ रांगा नकोत. मी म्हटलं, त्रिकोणासारखं करू — प्रत्येक रांगेत पुढच्या रांगेपेक्षा एक मुलगी जास्त. आठवी-नववीच्या मिळून मुली होत्या तेहतीस. शाळेतून परतताना स्कूटरवरच मी हिशेब केला. सहा रांगा. तेहतीसला सहानं भागलं की साडेपाच. म्हणजे मधल्या दोन रांगा पाचाची आणि सहाची. मग पुढं चार, तीन. मागं सात, आठ. तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. तेहतीस — एकही मुलगी कमी नाही, एकही जास्त नाही. असं काही चपखल बसलं की गणितवाल्या माणसाला काय होतं ते सांगता येत नाही. वडूजच्या बाजारातून जाताना मी एकटीच हसत होते.

म्हणजे तेहतीस बसतं हे मला माहीत होतं. पहिल्यापासून. हे लक्षात असू द्या.

दुसऱ्या दिवशी कागदावर आकृती काढून हेडमास्तरांना दाखवली. पुढच्या रांगेत सगळ्यांत लहान चणीच्या तिघी, मधोमध शीतल. त्यांनी कागद बघितला, छान म्हणाले. मग म्हणाले, "फक्त पुढच्या रांगेत कोण येतंय ते जरा बघून घ्या. शूटिंग आहे."

एवढंच. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते त्यांनी केलं. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. नोकरी होती, काय करणार? पण त्यांनी नाव घेतलं नव्हतं. कदाचित त्यांना गणवेशाला इस्त्री नसणाऱ्या मुली म्हणायच्या असतील. पुढं उभं राहून खी-खी हसणाऱ्या म्हणायच्या असतील. "कोणाबद्दल म्हणताय, सर?" — इतकं तरी मी विचारायला हवं होतं ना? विचारलं नाही. कारण नाव माझ्या मनात आलं होतं. त्यांच्या तोंडून नाही, माझ्या मनात.

का आलं?

इथं मी दर वेळी थांबते. स्वतःशी बोलतानाही थांबते. — वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवून झालं की मुलं खडू परत माझ्या हातात देत. शीतलचं झालं की मी म्हणायची, "ठेव टेबलावर." इतरांचा हातात घ्यायची, तिचा टेबलावर. कोड लागत नाही, हे मला माहीत होतं. विज्ञानाच्या सरांची रजा असली की त्यांचा तासही मीच घ्यायची. मुलांना हे मीच समजावून सांगितलेलं होतं. आणि तरी, ठेव टेबलावर. वर्गातल्या कुणाच्या ते ध्यानात आलं नसेल. निदान मी तसं समजत होते.

तिला मागच्या रांगेत उभी करता आली असती? आली असती. तेही मनात येऊन गेलं. मग वाटलं, आठ उंच मुलींच्या रांगेत एवढीशी पोर विचित्र दिसेल, कुणी तरी विचारेल का, मग सांगायचं काय? त्यापेक्षा सोपं काही तरी हवं होतं. ज्यावर कुणी वाद घालत नाही असं. ते माझ्याजवळ होतंच.

मैदानावर सगळ्या मुली लेझमी घेऊन उभ्या होत्या. मी म्हणाले, "मुलींनो, त्रिकोणाच्या रांगांत तेहतीस हा आकडा बसत नाही. एक मुलगी जास्त होतेय. बत्तीस बसतात." मग जरा इकडंतिकडं बघितल्यासारखं केलं — ते बघणंही खोटंच — आणि म्हणाले, "शीतल, तू या वेळी बस. पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझं."

ती "बरं मॅडम" म्हणाली. लेझीम नेऊन सामानाच्या खोलीत ठेवली आणि पायरीवर जाऊन बसली. रडली नाही, रुसली नाही. आकड्यावर कोण रुसणार?

बत्तीस बसतं की नाही, हे मी बघितलंही नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले. संध्याकाळी खोलीवर भाजी निवडता निवडता बत्तीसच्या रांगा पाडायला बसले, तर बसेनात. मग लक्षात आलं — बत्तीसला एक सोडला तर दुसरा विषम विभाजकच नाही. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस — या संख्या काही केल्या लागोपाठच्या संख्यांत फुटत नाहीत. जगातल्या एवढ्या संख्यांतून मी नेमकी न बसणारी बसते म्हणून सांगितली होती आणि बसणारी बसत नाही म्हणून.

तरी वेळ गेलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन नुसतं म्हणायचं होतं, "माझा हिशेब चुकला गं, शीतल, ये परत." शिक्षकाची बेरीज चुकते, त्यात काय? मुली हसल्या असत्या, मीही हसले असते. एवढं सोपं होतं. मी ते केलं नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. लेझमीतून काढलं, ती एक गोष्ट. पण खरी ही.

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास माझा. मी हजेरी मांडली, आणि शीतल उभी राहिली. "मॅडम, तेहतीस बसतंय." चेहरा असा फुललेला. तिला वाटत होतं, मॅडमना आनंद होईल! तिनं विचारलंही नाही, आली आणि फळ्यावर लिहायला लागली. तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. खाली बेरीज तेहतीस. मग म्हणाली, "आणि बत्तीसच बसत न्हाई. मी लय करून बघितलं. एकपास्नं धरलं तर सातापर्यंत अठ्ठावीस हुत्यात, आठापर्यंत छत्तीस. दोनपास्नं धरलं तर सत्तावीस, न्हाईतर पस्तीस. कुठनं बी धरा, बत्तीस मधनंच निसटून जातंय."

आठवीतली मुलगी. कुणी शिकवलेलं नाही. घरी बसून एकेक आकडा धरून बघितलेला. अशी मुलगी वर्गात एकदा मिळावी म्हणून शिक्षक जन्मभर वाट बघतात.

मी म्हणाले, "गणित मला शिकवतेस? चुकलंय तुझं. जा, बस जाग्यावर."

तिनं एकदा फळ्याकडं बघितलं. पुन्हा मनातल्या मनात बेरीज केली असावी, ओठ हलले. मग माझ्याकडं बघितलं. मी डस्टर उचललं आणि ते सगळं पुसून टाकलं. बरोबर असलेलं गणित, मी, गणिताच्या शिक्षिकेनं, वर्गासमोर चूक म्हणून पुसलं.

दोन दिवसांनी तिची आई आली. शेतातून तशीच आलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी राहिली. मी पुढं गेले. म्हणाली, "आवं मॅडम, पोरगी म्हणती आकडा बसत न्हाई. पांढरं बूट आणलं हुतं तिला. खरंच आकड्याचं हाय का वो?"

ती माझ्या डोळ्यांत बघत होती. ती आकड्याचं विचारत नव्हती, हे मला कळत होतं. तिलाही कळत होतं की मला कळतंय. अशा वेळी माणूस काय करतं? मी म्हणाले, "आकड्याचंच आहे, ताई. गणितच तसं आहे."

तिचा चेहरा एकदम हलका झाला. "मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला आपलं वाटलं—" पुढं बोलली नाही. ओच्यातनं ओल्या हरभऱ्याची पेंडी काढून माझ्या हातात दिली आणि गेली. मी तो हरभरा खोलीवर नेला, भाजला आणि खाल्ला. हेही सांगायला हवं ना? खाल्ला. चांगला लागला.

बत्तीस बसत नाही म्हटल्यावर एक मुलगी आणणं भाग होतं. सातवीतली एक घेतली. पुन्हा तेहतीस. तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. आठवी-नववीच्या सगळ्या मुलींना दिसत होतं. एकीनंही विचारलं नाही, आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.

सव्वीस तारखेला लेझीम फार सुंदर झाली. ड्रोन वर घोंघावत होता, पाहुणे टाळ्या वाजवत होते, हेडमास्तरांनी भाषणात माझं नाव घेतलं. मी स्टेजच्या कडेला उभी होते. शीतल बाकीच्या मुलांत जमिनीवर बसलेली, इस्त्रीचा गणवेश, पायात ते पांढरे बूट. ती पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत बघत गेली — सावकाश, एकेक रांग. शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि मग लेझीम संपेपर्यंत खालीच बघत राहिली.

त्यानंतर तिनं माझ्या तासाला हात वर केला नाही. पेपरात मार्क पडायचे, भरपूर पडायचे. पण हात नाही. पुढच्या वर्षी मी आमच्या संस्थेच्या साताऱ्याच्या शाखेत बदली मागून घेतली. मुलीच्या कॉलेजसाठी, असं सांगितलं. ते कारण खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

साताऱ्यात दर वर्षी तो क्रमागत संख्यांचा धडा येतो. एखादं पोर विचारतंच, "मॅडम, कुठल्याही संख्येचं असं होतं का?" मी म्हणते, "परीक्षेला नाही ते." म्हणजे शीतलनं जे स्वतः शोधलं, ते मी नंतरच्या एकाही वर्गाला शिकवलेलं नाही.

आता परवाची दिवाळी. मुलगी सांगलीला दिलीय, तिच्याकडं निघाले होते. सातारा स्टँडवर सांगलीची एसटी धरली. कंडक्टर बाई होती. "कुठं?" म्हणाली, मी सांगली म्हटलं, तिनं महिलांचं अर्धं तिकीट फाडून दिलं आणि तिथंच थांबली. "मॅडम ना?"

मी ओळखलं नव्हतं. कोड आता चेहराभर पसरलं होतं, इतकं की कुठला रंग मूळचा ते कळत नव्हतं. खाकी ड्रेस, खांद्याला पैशाची बॅग. आवाजावरून ओळखलं. "शीतल?"

"व्हय. वळखलं की!" हसली. गाडी भरलेली होती, ती पुढं गेली. कराडला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा ती येऊन माझ्या शेजारी बसली. बीकॉम झालं म्हणाली, भरतीत नंबर लागला, वडील रिटायर होऊन घरी आलेत. मी ऐकत होते. मग मीच सुरू केलं, "शीतल, त्या लेझमीच्या वेळी—" पुढं काय बोलणार होते, मला माहीत नाही. कदाचित पुन्हा काही तरी खोटंच.

"तेहतीस बसत हुतं, मॅडम," ती म्हणाली. रागानं नाही. पुढचा स्टॉप सांगावा तसं.

"तुला — कधी कळलं?"

"कळायचं काय त्यात? फळ्यावर मीच मांडलं हुतं की."

"मग परत का नाही आलीस माझ्याकडं?" — बघा, त्याही वेळी प्रश्न मीच विचारला. जसं काही उत्तर तिनं द्यायचं होतं.

तिनं जरा विचार केला. "गणित चुकलं आसतं तर आले आसते, मॅडम. गणित बरोबर हुतं. मग आकडा सोडून तुमाला दुसरं काय तरी नको हुतं, एवढंच ऱ्हातंय न्हवं? आणि ते मला म्हाईत हुतं. खडू टेबलावर ठेवायला लावायचा तवापास्नं."

खिडकीबाहेर एक माणूस शेंगदाण्याच्या पुड्या विकत ओरडत होता, मी त्याच्याकडं बघत राहिले.

ड्रायव्हर येताना दिसला. शीतल उठली, आणि जरा खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "एकच सांगते. आईला न्हाई म्हाईत हे. ती आजून समद्यांस्नी सांगती — पोरीचं नाव हुतं लेझमीत, पण आकडा बसला न्हाई. मी बी व्हय म्हणते. माझ्या डागांवरनं तिनं लय ऐकून घेतलंय, मॅडम. तुमी कवा गावाकडं आला, ती भेटली, तर तेवढं सांभाळा."

मी मान हलवली. तिनं घंटी मारली, गाडी सुटली.

कराडपासून सांगली काही जवळ नाही. ती पेठ नाक्याला, आष्ट्याला तिकिटं फाडत पुढं-मागं करत होती. दोन-तीनदा अगदी माझ्या सीटला टेकून उभी राहिली. माफ कर, एवढे दोन शब्द. ते मी बोलले नाही. सांगलीत उतरायची एकच झुंबड उडाली. मी "येते गं" म्हटलं. ती म्हणाली, "सावकाश उतरा, मॅडम."

मी जे खोटं बोलले ते मला दोन मिनिटं अवघड जाऊ नये म्हणून. तेच खोटं ती मुलगी इतकी वर्षं सांभाळत आलीय, ते आईला लागू नये म्हणून. ही दोन्ही एक आहेत असं मी म्हणणार नाही. माझं माझ्यापाशी.

तिनं सांगितलं ते मात्र पाळलंय. गेल्या महिन्यात वडूजला एका लग्नात तिची आई भेटली. माझा हात धरून शेजारच्या बाईला म्हणाली, "या आमच्या गणिताच्या मॅडम. लय खऱ्या." मी तिच्याकडं बघून हसले, आणि पंगतीत तिच्या शेजारी जेवायला बसले.